ड जीवनसत्त्व आणि चिरकारी विषाणुरोग : एका कल्पनेचा इतिहास

शास्त्रात रूढ झालेल्या प्रत्येक द्रव्याला दोन इतिहास असतात. एक त्या द्रव्याच्या शोधाचा आणि दुसरा त्याच्या नावाचा. पहिला इतिहास प्रयोगशाळेच्या टिपणांत सापडतो. दुसरा लोकांच्या आणि शास्त्रज्ञांच्या बोलण्यात दडलेला असतो, आणि पुष्कळदा तोच पहिल्याला वळण लावीत असतो. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे दोन्ही इतिहास एकमेकांत इतके गुंतले आहेत की ते वेगळे केल्यावाचून आजच्या एका वादाचा उलगडा होत नाही. तो वाद असा : शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणाऱ्या विषाणूंच्या संसर्गात, म्हणजे यकृतशोथाचे ब आणि क विषाणू किंवा एचआयव्ही यांच्या संसर्गात, ड जीवनसत्त्वाची काही भूमिका आहे काय?

या प्रश्नातील ‘भूमिका’ हा शब्द सैल आहे. त्याचे निदान तीन अर्थ संभवतात. ड जीवनसत्त्वाची उणीव हे रोग चिघळण्याचे कारण असू शकेल. ते देणे हा उपचाराला साहाय्यक असा उपाय असू शकेल. किंवा रक्तातील त्याचे घटलेले प्रमाण हे रोगाचे केवळ चिन्ह असू शकेल. कारण, उपाय आणि चिन्ह या तीन गोष्टींतील भेद तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांत या विषयावर जे लिहिले गेले, त्यातील बराच घोटाळा या तिन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे झाला आहे. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा प्रवास कालक्रमाने पाहून प्रत्येक टप्प्यावर यांपैकी नेमके काय सिद्ध झाले, एवढेच तपासावयाचे आहे.

१

आरंभ मुडदुसापासून करावा लागतो. इंग्लंडात फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० मध्ये या रोगावर लॅटिन भाषेत सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढे गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत हा रोग फोफावला. पोलिश वैद्य श्नियादेत्स्की याने १८२२ मध्ये वॉर्सा शहरातील आणि आसपासच्या खेड्यांतील मुलांची तुलना करून सूर्यप्रकाशाचा अभाव हे मुडदुसाचे कारण असल्याचे सुचविले. जपानात वैद्यकीय मिशनरी म्हणून काम केलेल्या थिओबाल्ड पाम याने १८९० मध्ये निरनिराळ्या देशांतील वृत्तांत एकत्र करून तोच निष्कर्ष काढला. दुसरीकडे उत्तर समुद्राच्या काठच्या कोळी समाजात कॉड माशाच्या यकृताचे तेल हे औषध परंपरेने चालत आले होते. एकोणिसाव्या शतकात त्याला वैद्यांची मान्यता मिळाली. एका परंपरेने उन्हाकडे बोट दाखविले, दुसरीने तेलाकडे. दोन्ही अनुभवसिद्ध होत्या. परंतु एकच रोग उन्हाने बरा व्हावा आणि तेलानेही, हे कोडे शंभर वर्षे सुटले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ते चार-पाच वर्षांत सुटले. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी याने घरात कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांच्या पिलांना विशिष्ट आहार देऊन मुडदूस उत्पन्न केला आणि कॉड तेलाने तो टाळता येतो असे दाखविले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने पाऱ्याच्या दिव्यातील जंबुपार किरणांनी मुडदूस झालेली मुले बरी केली. युद्धाने खंगलेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ या काळात दोन्ही उपायांची रुग्णालयात पारख केली. उन्हाने आणि तेलाने सारखाच गुण येत होता.

या शोधमालिकेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. हचिसन आणि शाह यांनी १९२२ मध्ये मुंबई इलाख्यातील नाशिक येथील मुडदुसाची पाहणी प्रसिद्ध केली. पडदा पाळणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी घरांतील स्त्रियांत आणि मुलांत हा रोग आढळत होता. उलट निकृष्ट अन्नावर पण उघड्यावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो क्वचित दिसे. मुडदूस हा केवळ अन्नाच्या दारिद्र्याचा रोग नव्हे, हे यावरून स्पष्ट झाले. आहारवादी आणि प्रकाशवादी पक्षांच्या तत्कालीन वादात नाशिकच्या या पुराव्याने प्रकाशाच्या बाजूला बळ दिले.

२

याच १९२२ साली द्रव्याचे नामकरण झाले, आणि येथेच पुढील घोटाळ्याचे बीज पडले. अन्नातील अत्यल्प पण अत्यावश्यक घटकांसाठी काझिमिर फुंक याने १९१२ मध्ये ‘व्हायटामाइन’ असा शब्द बनविला होता. जीवनाला आवश्यक अशी अमाइन जातीची संयुगे, असा त्याचा अर्थ. हे सर्व घटक अमाइन नाहीत हे उघड झाल्यावर जॅक ड्रमंड याने १९२० मध्ये त्या शब्दाचे शेवटचे अक्षर गाळून त्याचा रासायनिक अर्थ पुसून टाकला आणि घटकांना वर्णमालेतील अक्षरे देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम याने कॉड तेल तापवून त्यातून हवा सोडली. त्यामुळे तेलातील अ जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी मुडदूस बरा करण्याचा त्याचा गुण टिकला. अर्थात हा घटक निराळा होता. अ, ब आणि क ही अक्षरे आधीच खर्ची पडली असल्याने त्याला ‘डी’ हे चौथे अक्षर मिळाले.

मराठीने ‘जीवनसत्त्व’ हा प्रतिशब्द घडविताना अमाइनची चूक आपोआप टाळली; परंतु दुसरी चूक तशीच राहिली. ‘सत्त्व’ म्हणजे पदार्थातून काढलेला अर्क, सारभाग. गुळवेलसत्त्व म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. मग जीवनसत्त्व म्हणजे अन्नातून मिळणारे आणि बाहेरून घ्यावयाचे सार, असा संकेत शब्दातच बसतो. ड जीवनसत्त्व मात्र मुख्यतः त्वचेत तयार होते. त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर सूर्याचे जंबुपार किरण पडले की ते उत्पन्न होते. आडोल्फ विंडाउस याला १९२८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या संशोधनासाठी मिळाले, ते या वर्गातील द्रव्यांविषयीचेच होते. जे द्रव्य शरीर स्वतः घडविते, त्याचे प्रमाण शरीराच्या अवस्थेनुसार कमीजास्त होणार हे उघड आहे. पण ‘जीवनसत्त्व’ हे नाव एकदा पडल्यावर घट दिसली की तिला ‘उणीव’ म्हणावयाचे आणि उणीव म्हटली की ती भरून काढावयाची, हा विचारक्रम जणू व्याकरणाच्या नियमासारखा चालू लागला.

३

चिरकारी संसर्गाशी या द्रव्याचे नाते विषाणूंच्या आधी क्षयाच्या निमित्ताने जुळले. क्षय जंतुजन्य असला तरी रेंगाळण्याच्या बाबतीत तो चिरकारी विषाणुरोगांचा पूर्वज शोभतो. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट याने १८४१ मध्ये कॉड तेलाच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला. लंडनच्या ब्रॉम्टन रुग्णालयाशी संबंधित विल्यम्स याने १८४९ मध्ये फुप्फुसाच्या क्षयाच्या दोनशेहून अधिक रोग्यांना हे तेल देऊन बहुतेकांना गुण आल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखविला. तो सापडण्याआधीच तेल औषध म्हणून स्थिरावले होते.

दुसरे उदाहरण डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनचे आहे. त्वचेच्या क्षयावर त्याने एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केला आणि त्यासाठी त्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ड जीवनसत्त्वाचे अनेक इतिहासकार फिन्सेनला या परंपरेचा आद्य पुरुष मानतात. ऊन म्हणजे ड जीवनसत्त्व, आणि म्हणून प्रकाशोपचार म्हणजे ड जीवनसत्त्वाचा उपचार, असे हे समीकरण. परंतु २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी फिन्सेनची मूळ भिंगे तपासली, तेव्हा ती सुमारे ३४० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण पार जाऊ देत नाहीत असे आढळले. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यास लागणारे किरण याहून कमी, साधारणतः २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. तेव्हा फिन्सेनच्या रोग्यांना आलेला गुण ड जीवनसत्त्वाचा असणे शक्य नाही. जंतूंमधीलच प्रकाशग्राही द्रव्यांवर त्या किरणांचा परिणाम होऊन जंतू मेले असावेत, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय ठरते. उपचार खरा होता, गुण खरा होता. त्याला मागाहून जोडलेले कारण मात्र खोटे निघाले. प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने हे उदाहरण नित्य स्मरणात ठेवावे.

तिसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. फ्रान्समध्ये शार्पी याने १९४३ मध्ये आणि इंग्लंडात डाउलिंग व प्रॉसर टॉमस यांनी १९४६ मध्ये त्वचेच्या क्षयावर ड जीवनसत्त्व प्रत्यक्ष औषध म्हणून वापरले. मात्रा दररोज लाखाहून अधिक एककांची होती. आज प्रौढाच्या दैनंदिन गरजेचा अंदाज काही शे एककांचाच केला जातो, यावरून तिच्या प्रचंडपणाची कल्पना यावी. अनेक रोग्यांचे व्रण भरून आले. काहींच्या रक्तातील कॅल्शियम मात्र धोकादायक प्रमाणात वाढले. हा उपचार कसा लागू पडतो याचा शोध लागण्यापूर्वीच स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड ही औषधे हाती आली. ती थेट जंतूवर चालत. त्यांच्यापुढे ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मागे पडला. तो सुटला नाही. त्याची निकड संपली.

४

पुढील वीस वर्षांत द्रव्याचे स्वरूपच नव्याने उलगडले. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीलूका आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये यकृतात तयार होणारे त्याचे रूप वेगळे केले. केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० मध्ये दाखविले की त्याचे खरे कार्यकारी रूप मूत्रपिंडात घडते, आणि १९७१ मध्ये त्या रूपाची रचना निश्चित झाली. एका इंद्रियात जन्मणारे, रक्तातून वाहणारे आणि दुसऱ्या इंद्रियातील ग्राहीला जाऊन भिडणारे द्रव्य म्हणजे हॉर्मोन. व्याख्येनुसार ड जीवनसत्त्व हे हॉर्मोनचे पूर्वरूप ठरले. नाव मात्र बदलले नाही.

१९८३ मध्ये त्याचे ग्राही रक्तातील पांढऱ्या पेशींत सापडले आणि प्रतिकारशक्तीशी असलेल्या संबंधाला प्रथमच भौतिक आधार मिळाला. त्याच सुमारास असेही आढळले की जंतूंना गिळणाऱ्या महाभक्षी कोशिका मूत्रपिंडाची वाट न पाहता हे कार्यकारी रूप स्वतःच घडवू शकतात. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दुवा पुरा केला. क्षयजंतूची चाहूल लागताच महाभक्षी कोशिका ड जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हे जंतुघ्न प्रथिन निर्माण करते; रक्तद्रवात ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्याची निर्मितीही उणावते. कॉड तेल पाजणाऱ्या वैद्यांचा अंदाज अगदीच वावगा नव्हता, असे म्हणण्यास आता आधार मिळाला.

परंतु हा आधार काचपात्रातील होता, हे विसरता येत नाही. मंगोलियातील ८,८५१ शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षे ड जीवनसत्त्व देऊनही क्षयाचा संसर्ग होण्याचे प्रमाण घटले नाही. कोशिकेत जे घडते ते माणसात घडेलच असे नाही, आणि घडले तरी त्याचा परिणाम जाणवण्याइतका असेल असे नाही.

५

येथवर आल्यावर मूळ प्रश्न नीट मांडता येतो. यकृतशोथाचा क विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याचा संसर्ग बहुसंख्य रोग्यांत चिरकारी होतो आणि दोन-तीन दशकांत काहींना यकृत सूत्रण रोगाकडे किंवा कर्करोगाकडे नेतो. इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन हा त्या काळचा उपचार कष्टप्रद होता. आठवड्याला टोचणी, ताप, विषण्णता, रक्तक्षय, आणि हे सारे जवळजवळ वर्षभर. एवढे सोसूनही विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकाराच्या निम्म्याहून अधिक रोग्यांना गुण येत नसे. अशा स्थितीत एखाद्या स्वस्त, निरुपद्रवी द्रव्याने यशाचे प्रमाण वाढेल ही आशा किती मोलाची वाटली असेल, हे सांगावयास नको.

२०१० मध्ये सिसिलीतील पालेर्मो येथील पेट्टा आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी, त्यांच्या यकृतात तंतुमय ऊतक अधिक आणि इंटरफेरॉनला प्रतिसाद कमी, असे त्यांना आढळले. २०११ मध्ये इस्राएलमधील अबू-मुख आणि सहकाऱ्यांनी ७२ रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या उपचारासोबत ड जीवनसत्त्व दिले. ते मिळालेल्यांपैकी ८६ टक्के रोगी विषाणुमुक्त झाले, न मिळालेल्यांपैकी ४२ टक्के. त्याच वर्षी प्रयोगशाळेत वाढविलेल्या यकृतकोशिकांतही ड जीवनसत्त्वाने विषाणूची वाढ रोखल्याचे दिसले. पाहणी, चाचणी आणि काचपात्र ही तीन साक्षीदारांची साक्ष एकमुखी भासली.

तथापि साक्षीची उलटतपासणी आवश्यक होती. चाचणी लहान होती आणि कोणाला काय मिळते आहे हे रोगी व वैद्य दोघांनाही ठाऊक होते. पाहणीतील आक्षेप अधिक मूलगामी आहे. रक्तात ड जीवनसत्त्वाचे जे रूप मोजले जाते, ते यकृतातच घडते. यकृत रोगाने जर्जर झाले की त्याचे प्रमाण घटणे स्वाभाविक आहे. मग घट ही तंतुवाढीचे कारण की परिणाम? शिवाय शरीरात कोठेही दाह उसळला तरी हे प्रमाण खाली येते. २०११ मधील एका अभ्यासात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या दोन दिवसांत ते घसरल्याचे नोंदले गेले आहे, आणि एवढ्या अवधीत कोणाच्या आहारात वा उन्हात फरक पडलेला नसतो. आजारी मनुष्य घराबाहेर कमी पडतो, हेही आहेच. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील किटसन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या जनुकप्रकाराच्या रोग्यांत उपचारापूर्वीचे प्रमाण आणि उपचाराचे यश यांत संबंध नसल्याचे दाखविले, तेव्हा एकमुखी साक्ष फुटली.

वाद रंगात येण्याच्या सुमारास तो निरर्थक झाला. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुव्हिर अमेरिकेत मान्य झाले आणि थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्यांनी पुढे दोन-तीन महिन्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रोगी बरे होऊ लागले. भारतात ही औषधे स्वस्त रूपात उपलब्ध झाली आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमातून ती विनामूल्य मिळू लागली. १९४६ नंतर त्वचेच्या क्षयाच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. प्रश्नाची गरज उरली नाही. शास्त्राच्या इतिहासात अशा अनुत्तरित पण निवृत्त प्रश्नांची संख्या मोठी आहे, आणि ते खंडित झाले असे समजणे जितके चूक तितकेच ते सिद्ध झाले असे समजणेही चूक.

६

जेथे असा सोडवणूक करणारा उपाय अद्याप निघालेला नाही, तेथे प्रश्न जिवंत आहे. यकृतशोथाचा ब विषाणू आपला जनुकीय ठेवा कोशिकेच्या केंद्रात दडवून ठेवतो. औषधांनी त्याची वाढ रोखता येते, परंतु त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते. २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ब विषाणूच्या रोग्यांत ड जीवनसत्त्व जितके कमी तितकी विषाणुसंख्या अधिक, असा व्यस्त संबंध नोंदविला. परंतु संबंधाची दिशा केवळ अशा नोंदीवरून ठरत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आढळते. एफाव्हिरेंझ या औषधानेच रक्तातील ड जीवनसत्त्व घटते. तेव्हा रोग्यात दिसलेली घट रोगाची की औषधाची, हे प्रथम ठरवावे लागते.

एचआयव्हीबाबत मात्र प्रयोगाचा कौल मिळाला आहे. टांझानियातील दार-ए-सलाम येथे उपचारास आरंभ करणाऱ्या आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्या सुमारे ४,००० प्रौढांपैकी निम्म्यांना ते आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यूच्या प्रमाणात किंवा फुप्फुसाच्या क्षयाच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्याआधीच्या पाहण्यांत कमी प्रमाण आणि अधिक मृत्यू यांचा संबंध दिसत होता. पाहणीने जे सुचविले ते प्रयोगाने नाकारले, म्हणजे घट ही येथे बहुधा चिन्ह होती, कारण नव्हे.

भारतीय अभ्यासकाला यात एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. उन्हाच्या देशात ही उणीव कशी असेल, हा समज २००० मध्ये दिल्लीतील निरोगी व्यक्तींच्या पाहणीने दूर केला. ठरविलेल्या मर्यादेपेक्षा कमी प्रमाण त्यांच्यातही सर्रास आढळले. जी घट निरोग्यांतही सर्रास आहे, ती रोग्यांत आढळली म्हणून रोगाशी तिचे नाते जोडणे उतावीळपणाचे ठरेल. तुलनेला त्याच वस्तीतील निरोगी माणसे घेतल्यावाचून अशा आकड्याला अर्थ नाही. नाशिकच्या पाहणीचे बळ याच गोष्टीत होते. एकाच गावातील दोन प्रकारचे जीवन तिने समोरासमोर ठेवले होते.

७

या इतिहासातून निघणारे तात्पर्य मर्यादित, पण निश्चित आहे. मुडदुसाच्या बाबतीत ड जीवनसत्त्वाचा अभाव हे कारण आणि त्याचा पुरवठा हा उपाय, ही दोन्ही विधाने पूर्णपणे सिद्ध आहेत. प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेत ते द्रव्य भाग घेते, हेही कोशिकेच्या पातळीवर सिद्ध आहे. चिरकारी विषाणुसंसर्गात ते उपाय ठरते, हे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि एचआयव्हीबाबत झालेल्या सर्वांत मोठ्या चाचणीपैकी एकीने तर विरुद्ध कौल दिला आहे. तरीही हाडांच्या दृष्टीने या रोग्यांना ड जीवनसत्त्व देण्याचे स्वतंत्र प्रयोजन आहे. एचआयव्हीवरील काही औषधे हाडे ठिसूळ करतात आणि जीर्ण यकृतरोगातही हाडे झिजतात. या प्रयोजनासाठी दिलेल्या गोळीवर विषाणूला जिंकण्याची जबाबदारी टाकणे योग्य नव्हे. तिचा दुसरा तोटा असा की ‘सत्त्व घेतो आहे’ या समाधानात रोगी नेमक्या औषधाकडे पाठ फिरवू शकतो.

पहिल्या चुकीचे मूळ पुष्कळदा पहिल्या शब्दात असते. मोजलेल्या आकड्याला ‘घट’ म्हटले तर ती का झाली असा प्रश्न पुढे येतो; ‘उणीव’ म्हटले तर ती किती एककांनी भरावी एवढाच प्रश्न उरतो. फिन्सेनच्या भिंगांपासून पालेर्मोच्या रुग्णालयापर्यंत हा फरक वारंवार नजरेआड झाला. ब विषाणूविषयीचे जे संशोधन पुढे व्हावयाचे आहे, त्यात नव्या पाहण्यांची भर पडून फारसे साधणार नाही. रोग्यांची यादृच्छिक विभागणी करून, निष्क्रिय गोळीशी तुलना करून आणि यकृताची अवस्था आधी नोंदवून केलेल्या दीर्घ चाचण्याच या प्रश्नाचा निकाल लावू शकतील. तोवर या द्रव्याच्या ‘भूमिके’विषयी लिहिणाऱ्याने तीन अर्थांपैकी आपल्याला कोणता अभिप्रेत आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगावे, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.